गल्लीच्या मापाचं झाड

हॉलंड म्हणजे ट्युलिप, पवनचक्क्या आणि सायकली! ट्रिप करून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हेच फोटो. माझ्या फोनमध्ये मात्र एका मेपलचे फोटो जास्त निघतील...

अ‍ॅमस्टरडॅमहून ५ नंबरची ट्राम दक्षिणेला आम्स्टलव्हेनला जाते. आयटीवाल्या भारतीयांची इथे मोठी वस्ती, त्यामुळे सुपरमार्केटच्या रांगेत मराठी कानावर पडली तर दचकू नका! याच गावात १९५० च्या दशकात हा मेपल हेरला गेला आणि इथल्याच एल्सरेइक भागाचं नाव त्याला मिळालं.

मेपल म्हटल्यावर कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल पान आठवलं ना? हा त्याचा युरोपियन भाऊबंद, फील्ड मेपल. पानं छोटी, थंडीच्या आधी पिवळीधम्मक होणारी. साधा फील्ड मेपल ऐसपैस पसरतो. एल्सरेइक मात्र फांद्या वर धरून, अंग चोरून उभा राहतो. उंची साधारण १० ते १२ मीटर. फरसबंदीतली कोरडी माती, वारा, सगळं चालवून घेतो. पानांवर भुरीही कमी पडते. एकीकडे पार्क केलेल्या गाड्या, दुसरीकडे सायकली, मागे घरांच्या भल्यामोठ्या खिडक्या. तरी हे झाड कोणाच्या आड येत नाही.

आणि आपण? जेमतेम रिक्षा जाईल अशा गल्लीत हौसेने गुलमोहर किंवा रेन ट्री लावतो. दहा-पंधरा वर्षांनी फांद्या तारांना भिडल्या की पावसाळ्याआधी कुऱ्हाड! एका बाजूने छाटलेलं झाड मग वादळात पडतं आणि खापर फुटतं झाडावरच.

अर्थात, एल्सरेइकचीही एक गोची आहे. त्याची रोपं कलमाने होतात, म्हणजे सगळी एकाच झाडाच्या कॉपी. एखादा रोग आला की रांगच्या रांग धोक्यात. १९२० च्या दशकापासून एल्मच्या झाडांवर आलेल्या रोगाने डचांना हा धडा चांगलाच शिकवलाय. त्यामुळे गावभर एकच झाड लावणं हाही शहाणपणा नव्हे.

हा मेपल थंड हवेचा, पुण्या-मुंबईत आणायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे बहावा, कांचन, तामण आहेतच की! तामण तर महाराष्ट्राचं राज्यफूल. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या वृक्षारोपणाला खड्डा खणण्याआधी मान वर करून तारा बघा आणि टेप लावून गल्ली मोजा. सेल्फी नंतर!