लष्कराच्या भाकऱ्या

खोव्याची जिलेबी उपासाला चालते का, एवढंच मला एकादशीच्या आदल्या रात्री बघायचं होतं. फोनवर उत्तर लगेच सापडलं, पण त्याला लागून दुसरंच काही निघालं, त्यातून तिसरं, आणि मध्यरात्र उलटली तेव्हा मी एका डायनासोरच्या शेपटीपाशी होते. आत्या याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणते. जबलपूर हे छावणीचं गाव. इथे नाही भाजायच्या तर कुठे?

आधी जिलेबीचं. हरप्रसाद बडकुल यांनी ती १८८९ मध्ये पहिल्यांदा केली, असं इथे लहानथोर सगळे सांगतात. त्यांचं दुकान कमानिया गेटजवळ. ती कमान उभी राहिली १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत, म्हणजे जिलेबी कमानीहून पन्नास वर्षांनी वडील. हिच्यात मैदा नाही. खवा आणि तवकीर. म्हणून चालते, असा आत्याचा निवाडा. नवख्या माणसाला मात्र ती करपलेली वाटते, इतकी काळपट. दूध आटून खवा होतो तेव्हा त्यातली साखर आणि प्रथिनं दाटीवाटीने जवळ येतात. कढत तुपात त्यांचा संयोग झाला की तपकिरी रंग चढतो, खरपूस वास सुटतो. पावाच्या कडेला आणि भाकरीच्या डागांना रंग येतो तो याच कारणाने. लुई कामिल मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. त्याला पाव भाजायचा नव्हता. शरीरात प्रथिनं कशी जुळतात ते त्याला शोधायचं होतं. हाती लागला तो साऱ्या जगाच्या भट्ट्यांचा खुलासा.

हाताशी वेळ असलेली माणसं जबलपूरला पुष्कळ मानवली, असं माझं मत होत चाललंय. १८७५ साली पावसाळ्यात अडकलेले गोरे अधिकारी इथल्या मेसमध्ये बिलियर्डच्या टेबलाभोवती दिवस ढकलत होते. त्यांतल्या नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे) चालू खेळात आणखी रंगीत चेंडू आणले आणि स्नूकर जन्मला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००३ मध्ये हौशी खेळाडूंचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते याच खेळात. जबलपुरात मात्र या जन्माचं कौतुक फारसं ऐकू येत नाही. जिलेबीपुढे चेंडूला कोण विचारतो?

पण माझी झोप उडवली ती इथल्याच बारा सिमला टेकडीने. ठगांचा बंदोबस्त केला म्हणून ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्या विल्यम स्लीमनला दगड झालेली झाडं जमवण्याचा नाद होता. १८२८ मध्ये या टेकडीवर उकरताना त्याला हाडं सापडली. आशियात सापडलेली ती डायनासोरची पहिली हाडं, पण ते स्लीमनला कळणार कसं? डायनासोर हे नावच लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने दिलं ते १८४२ मध्ये. हाडं कलकत्त्याला गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला टायटनोसॉरस इंडिकस म्हटलं. मग मणके कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यांतला एक सापडला. शोधणाऱ्यांत नागपूरचे धनंजय मोहबे होते. ज्या थरात ही हाडं असतात त्याला लमेटा थर म्हणतात. नाव नर्मदेवरच्या आपल्या लमेटा घाटाचंच. त्या घाटावर किती वेळा पाय बुडवून बसलेय! पायाखालच्या दगडाकडे बघायचं कधी सुचलं नाही.

तिथून पुढे गेलं की भेडाघाट. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ मधल्या एका गाण्यात संगमरवरी कडे दिसतात ते इथले. म्हणजे नाव गंगेचं आणि पडद्यावर नर्मदा. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या जागरणावर खूष झाली. तिच्या लेखी नर्मदेचा हा अन्याय जिलेबीहून महत्त्वाचा.

भेडाघाट-लमेटा घाटाचा परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. जबलपूरला आलात तर नावेत बसा, धुवाँधार धबधबा बघा, जिलेबी खाच. पण लमेटा घाटालाही थोडा वेळ द्या, आणि दगडात काही वेगळं दिसलं तर ते खिशात घालू नका. जागेचा फोटो काढा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.