बिनतारी संभाषण

युद्धखेळातील सैनिकांच्या तोंडी बिनतारी यंत्रावरचे स्फुट बोलणे घालण्याचे काम वरवर पाहता इतके किरकोळ वाटते, की पुष्कळ रचनाकार ते अखेरच्या दिवसावर ढकलतात. परंतु चौकीवर तैनात केलेल्या त्या आकृतींना माणूसपण जर कशाने येत असेल, तर ते या बोलण्यानेच येते, असे माझे मत आहे. खेळणारा टेकडीआड दडून ऐकत असावा आणि दोघा पहारेकऱ्यांनी त्याच्याशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टी बोलाव्यात – ‘चौकी दोन, इकडे चौकी एक, पाण्याची गाडी निघाली का?’ ‘नाही अजून.’ – एवढ्यानेच त्या शिबंदीला, आपण तेथे पोहोचण्यापूर्वीचे एक आयुष्य लाभते.

चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेच्या, 2013 साली निघालेल्या ‘आर्मा 3’ या खेळात हौशी माणसालाही ही तजवीज स्वतः करता येते, आणि माझा हा उद्योग तेथेच चालतो. वाक्यांची यादी करावी, ‘सिलेक्टरँडम’ या आज्ञेने तीतले एक उचलावे, आणि विराम घेणाऱ्या ‘स्लीप’ या आज्ञेला सेकंदांत 30 अधिक ‘रँडम’ 60 असा हिशेब द्यावा, म्हणजे अर्ध्या ते दीड मिनिटाच्या अनियमित अंतराने आवाज येत राहतो. मात्र यदृच्छेला स्मृती नसते. एकच वाक्य ती लागोपाठ दोनदा निवडते आणि श्रोत्याचा विश्वास तत्क्षणी उडतो, म्हणून उच्चारलेले वाक्य यादीतून बाजूस काढावे लागते. त्याहून मोठी तरतूद ‘अलाइव्ह’ या तपासणीची. बोलणारा हयात आहे की नाही याची दर खेपेस चौकशी केली नाही, तर ओढ्याकाठी मरून पडलेला शिपाई थोड्याच वेळात ‘सर्व आलबेल’ अशी खबर देतो, आणि खेळातल्या का होईना, मृत्यूची अशी हेळसांड मला सहन होत नाही.

2005 सालच्या ‘फिअर’ या खेळातील शत्रूची बुद्धी घडविणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी पुढे एका निबंधात सैनिकांना बोलते करण्याची आपली रीत सांगितली आहे. गोळी लागलेल्याने नुसते ओरडण्यापेक्षा सोबत्याने त्याचा हालहवाल विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, अशी त्यांची योजना होती. सैनिक कुमक मागवीत, वस्तुतः यंत्र कोणतीच कुमक धाडीत नसे. पण पुढे कोठेतरी आणखी सैनिक भेटत आणि खेळणारा स्वतःच त्या दोहोंची सांगड घालून मोकळा होई. इतका अर्थ ऐकणाराच पुरवीत असेल, तर लिहिणाऱ्याने शब्दांचा पाऊस पाडण्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय खऱ्या पलटणीत वाहिनी मोकळी ठेवण्याचा सक्त दंडकच असतो.

‘आर्मा 3’मधले इराणी सैनिक फारसी बोलतात. बहुतेक खेळणाऱ्यांना ती कळत नसल्यामुळे शत्रूच्या बोलण्यावर कष्ट खर्चू नयेत, असे काही व्यवहारी मंडळी सांगतात. मला ते मान्य नाही. ज्याच्यावर नेम धरावयाचा, त्यालाही पाण्याच्या गाडीची वाट पाहणारा एखादा सोबती असला पाहिजे. म्हणून त्या पक्षाची यादी मी आपल्या पक्षाच्या यादीइतकीच लांब ठेवतो आणि फारसी जाणणाऱ्या माणसाकडून ती तपासून घेतल्याखेरीज कामाला लावीत नाही.