वारशाची चौकशी

अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, हिडन व्हॅली रोडवर राहणाऱ्या डॉन आणि मिमी गॅल्विन या दांपत्यास १९४५ ते १९६५ या काळात दहा पुत्र व दोन कन्या अशी बारा अपत्ये झाली, आणि त्यांपैकी सहा पुत्रांना पुढे छिन्नमनस्कतेने, म्हणजे डॉक्टरी परिभाषेतील स्किझोफ्रेनियाने, ग्रासले. एका छपराखाली एवढे दुर्दैव एकवटले की मन अपराधी शोधू लागते. आणि त्या काळच्या मनोविश्लेषकांना त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. मायेचा ओलावा नसलेली, सदा हुकमत गाजविणारी माताच अपत्याच्या चित्तभ्रंशास कारण होते, ही फ्रीडा फ्रॉम-राइशमान या विदुषीच्या १९४८ सालच्या लेखाने रूढ झालेली कल्पना तेव्हा सर्वमान्य होती, आणि तिच्या जोरावर कित्येक मातांवरचा आरोप, जबानी न घेताच, शाबीत धरला गेला. मिमी त्यांतलीच एक.

१९८० नंतरच्या दशकात लिन डेलिसी या मनोविकारतज्ज्ञ अशा कुटुंबांतून रक्ताचे नमुने गोळा करू लागल्या. दोष रक्तात सापडला तर संगोपनावरचा कलंक पुसला जाणार होता. तथापि या मार्गाचा पूर्वेतिहास निष्कलंक नव्हता. म्युनिकच्या अर्न्स्ट र्‍यूडिन याने १९१६ साली याच व्याधीची वंशावळवार पाहणी प्रसिद्ध केली, आणि १९३३ च्या जर्मन निर्बीजीकरण कायद्यावरील अधिकृत भाष्यावर भाष्यकारांत त्याचेही नाव आहे. वंशावळींचे दप्तर कोणाच्या हाती आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो.

एकच गुन्हेगार जनुक हाती लागेल अशी आशा संशोधकांनाही होती. १९८८ साली ‘नेचर’मध्ये आइसलंड व इंग्लंडमधील कुटुंबांच्या आधारे पाचव्या गुणसूत्राकडे बोट दाखविले गेले, आणि त्याच अंकात उत्तर स्वीडनमधील एका वंशावळीने ते खोडून काढले! पुढे, २०१४ साली छत्तीस हजारांवर रुग्णांच्या तपासणीतून या व्याधीशी निगडित १०८ जनुकीय स्थाने निघाली, आणि २०२२ पर्यंत ती २८७ झाली. जुन्या वतनाचे हिस्से होत होत प्रत्येक तक्षीमदाराच्या वाट्यास चार दाणे यावेत, तसा एकेका स्थानाचा प्रभाव क्षुल्लक. शिवाय, वारसा तंतोतंत एक असलेल्या जुळ्यांतही, एकास व्याधी जडली असता दुसऱ्यास ती सुमारे निम्म्या वेळाच जडते. स्थळ पाहताना ‘घराण्यात वेड आहे का’ अशी दबक्या आवाजात चौकशी करणाऱ्या आपल्याकडील वडीलधाऱ्यांना हे कोणी सांगावे, की यांतले काही ना काही हिस्से त्यांच्या स्वतःच्या घराण्यातही नांदत आहेत?

गॅल्विन कुटुंबात मात्र एक दुर्मिळ खूण सापडली. मज्जापेशींच्या परस्परसंपर्कात भाग घेणाऱ्या ‘शँक-२’ नामक जनुकातील हे उत्परिवर्तन २०१६ साली प्रसिद्ध झाले, आणि ते पित्याकडून नव्हे, मातेकडून आले होते. आजार नवऱ्याच्या घराण्यातून आला, अशी मिमीची तोवरची समजूत. आता कोणी म्हणेल, पहिला आरोप अखेर खराच ठरला. आणि असे म्हणणारे निघतीलच. परंतु ज्या जनुकाने मुलांचा संसार उधळण्यास हातभार लावला, तेच देहात बाळगून ती स्वतः शहाणीसुरती राहिली, बारा मुले वाढविली, आणि आजारी मुलांची आयुष्यभर शुश्रूषा केली. त्या जनुकाच्या बाबतीत तिच्याकडे कर्तेपण मुळीच नव्हते, आणि जिच्यात होते त्या शुश्रूषेची नोंद जुन्या मनोविश्लेषकांच्या कागदांत झाली नाही.