कुजक्या लाकडावरचे बारीक किडे

बांधावर बाभळीचा जुना ओंडका पडून आहे. यंदाच्या पावसानंतर त्याच्या सालीखाली राखाडी रंगाचे बारीक किडे मायंदाळ झालेत. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, बोट लावलं की टुणकन उडतात. ओंडक्यापासून डाळिंबाची पहिली ओळ दहा पावलांवर. शेजारचे अण्णा म्हणाले, "हाच खोडाला भोकं पाडतोय, क्लोरपायरीफॉस ओत." दुकानदारानंही तेच सांगितलं. गेल्या साली माझी सात झाडं वाळून गेली, त्यामुळं पोटात गोळा आलाच. पण औषध ओतायच्या आधी किडा कोण ते तर बघू.

साल पांढऱ्या ताटात झटकली आणि दहा पटीचं भिंग लावलं. सहा पाय, अंग मऊ, पंखाचा पत्ता नाही. पोटाखाली दुमडून ठेवलेला दुफाटा. तो खाली आपटला की किडा हवेत! ह्याला स्प्रिंगटेल म्हणतात, गट कोलेम्बोला. पाय सहा असले तरी तोंडाचे भाग डोक्याच्या आत असतात, म्हणून आता शास्त्रज्ञ ह्यांना खऱ्या कीटकांत धरत नाहीत. (आपल्याला काय, किडा तो किडाच.) खाणं म्हणजे बुरशी आन कुजलेला पालापाचोळा. लाकूड पोखरायचं ह्यांना जमत नाही. ओल लागते. सालीचा एक तुकडा उन्हात ठेवला, दुपारपर्यंत एकही राहिला नाही. वाळवी म्हणावी तर तीही नाही. वाळवी पांढरट असती, उड्या मारत नाही आणि मातीचे बोगदे करती.

मग खरा भोकं पाडणारा कोण? कोपऱ्यातलं एक झाड वाळत आलं होतं, ते त्याच दिवशी तोडलं. बुडाजवळ टाचणी जाईल एवढी भोकं, तोंडाशी बारीक भुस्सा. कुऱ्हाडीनं फोडलं तर काळपट बोगद्यात तपकिरी-काळा भुंगेरा, दोन-अडीच मिलिमीटरचा, टणक, नळकांडीसारखा. हा शॉट होल बोरर. ह्याची गंमत अशी की हा लाकूड खात नाही. बोगद्यात बुरशी लावतो, तीच स्वतः खातो, तीच अळ्यांना. म्हणजे हापण शेतकरीच, फक्त रान आपलं! ह्याच्या माद्या तिथंच वाढून उडत दुसऱ्या झाडावर जातात. त्यामुळं असं खोड बागेजवळ ठेवायचं नाही. घरातून जळणाला मागत होते, दिलं नाही. संध्याकाळी मुळासकट जाळलं आणि शेजारच्या झाडांची खोडं बुडापर्यंत तपासली. दोन झाडांवर भुस्सा दिसला, त्यांच्यावर लाल रिबन बांधलीय. त्यांचं काय करायचं ते कृषी विज्ञान केंद्रात दाखवून ठरवणार.

बाभळीचा ओंडका आहे तिथंच आहे. औषधाची बाटली आणलीच नाही. अण्णांनी काल भिंग मागून नेलंय, अजून परत दिलं नाही.

तुमच्याकडं असलं काही दिसलं तर फोटो टाका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा आणि किडा उडी मारतो का, भोकातून भुस्सा येतो का, एवढं लिहा.