मुगलिंगच्या वाटेवरचा चौविहार



2024 ची कार्तिकी पौर्णिमा झाली आणि आठवड्याभरात आमचा तीस जणांचा संघ नेपाळला निघाला. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे काठमांडूपर्यंत बस. सोबत माझ्या सासूबाई, वय 74. चाळीस वर्षांत त्यांचा चौविहार चुकलेला नाही.

सोनौलीची कमान ओलांडली आणि पहिली गंमत झाली. पाट्या वाचता येत होत्या! लिपी आपलीच, देवनागरी. सरकारी फलकांवर साल 2081. आमच्या दुकानात दिवाळीला चोपडापूजनात लिहितो तोच विक्रम संवत, इथे मात्र रोजच्या कारभारात. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे करायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा परदेश कुठला? भद्रबाहू स्वामी इथेच ध्यानाला बसले होते ना?" आपल्या श्वेतांबर परंपरेत ही कथा आहेच. पूर्वांचं ज्ञान घ्यायला पाटलीपुत्राहून साधू पायी नेपाळला गेले आणि शेवटपर्यंत टिकले ते एकटे स्थूलभद्र.

मी मात्र दुसरंच पाहत होते. रस्त्याच्या कडेला टांगलेलं मांस, मोमोच्या पाट्या. मनाशी ठरवून टाकलं, इथल्या पाण्यालाही हात लावायचा नाही. आमचे महाराज आणि शिधा मागच्या टेम्पोत होताच.

पण गाड्यांच्या परवान्यासाठी भन्सार, म्हणजे सीमेवरची जकात, भरावी लागते. बसचे कागद दोन तासांत झाले, टेम्पोचे अडकले. बुटवलच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, बस गोगलगाईसारखी. नारायणगढ सोडून त्रिशूलीच्या काठाने मुगलिंगकडे वर चढायला लागलो, तेव्हा माझ्या मोबाईलवर भारतीय वेळ सव्वाचार होती. मी निवांत होते. पर्समधल्या कार्डावर सूर्यास्त सहाच्या सुमारास लिहिलेला.

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "अगं, ते कार्ड पुण्याचं. इथे सूर्य बघ कुठे आलाय!"

खरंच, तिथे सूर्यास्त भारतीय वेळेने पाचलाच होतो. सासूबाईंना मधुमेह आहे. सकाळच्या दोन खाकऱ्यांवर होत्या. सूर्य बुडाला की दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि त्या ऐकणार नव्हत्या.

ड्रायव्हरदादांनी एका छोट्या हॉटेलसमोर बस थांबवली. शेगडीवर काय शिजत होतं ते वासानेच कळलं. मी दारातच अडखळले. मालकीणबाईंना मोडक्या हिंदीत सांगितलं, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, अंधाराआधी हवं.

त्यांनी विचारलं, "घाम डुब्नुभन्दा अगाडि?"

घाम? मी कपाळ पुसलं. त्या हसल्या आणि डोंगराच्या कड्यावर टेकलेल्या सूर्याकडे बोट दाखवलं. तिकडे घाम म्हणजे ऊन, सूर्य!

मग त्या आत गेल्या आणि सासूच्या एकादशीचं वेगळं ठेवलेलं पातेलं घेऊन आल्या. "चोखो छ, दिदी," म्हणाल्या. चोख हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वेगळ्या चुलीवर भात, हळद-मिठाची डाळ आणि मोहरीचा पाला झाला. पाणी उकळून आणलं. सासूबाईंना "आमा, खानुस्" म्हणत शेजारी बसल्या आणि डोंगराकडे लक्ष ठेवून राहिल्या. आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त घाई!

सासूबाईंनी गोळी घेतली, शेवटचा घोट घेतला, हात जोडून पच्चक्खाण घेतलं. थोड्याच वेळात कडा काळा पडला. मी शंभराची भारतीय नोट दिली, तर त्यांनी 160 नेपाळी धरून उरलेले पैसे मोजून परत केले.

रात्री उशिरा काठमांडूला पोहोचून प्रतिक्रमण केलं. त्या दारात अडखळताना त्या बाईबद्दल जे मनात आलं होतं, त्याचंही मिच्छामि दुक्कडम् म्हटलं.

आणि हो, प्रवासाला निघताना सूर्यास्ताच्या वेळा त्या गावाच्या लिहून घ्या. आपल्या गावचं कार्ड घरीच राहू द्या.