आत्याबाईंचा अंगठा

माझ्या सासूबाईंना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या आसपास. नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. आधारकार्डावर 1 जानेवारी ही जन्मतारीख आहे, वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची तीच आहे. 1972 च्या दुष्काळात साताऱ्याकडून पोट भरायला त्या पनवेलला आल्या आणि वीटभट्टीवर राबल्या. पुढे नवी मुंबई उभी राहू लागली तेव्हा डोक्यावर सिमेंटची घमेली वाहिली. कच्च्या विटा आणि सिमेंट यांनी बोटांवरच्या रेघा खाऊन टाकल्या. आत्याबाईंच्या अंगठ्यावरून हात फिरवला तर तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत लागतो.

या अंगठ्याने आमच्या घरात दीड वर्ष काय गोंधळ घातला ते सांगते.

2025 च्या सुरुवातीला रेशन दुकानावर पाटी लागली. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने येऊन ई-केवायसी करायची, नाहीतर नाव कमी होईल. आम्ही चौघांनी केली, दोन मिनिटांत झाली. आत्याबाईंचा अंगठा मशीनने घेतला नाही. दुकानदाराने बोट पुसायला सांगितले, ओले करायला सांगितले, कोरडे करायला सांगितले. रांगेतली एक बाई म्हणाली, "मावशी, डोक्याला पुसा, तेल लागलं की उमटतंय." तेही केले. सात वेळा लाल दिवा. मागची रांग कुरकुरू लागली तशा आत्याबाई स्वतःच बाजूला झाल्या.

त्यानंतर आम्ही चार फेऱ्या मारल्या. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा नेट नाही. एकदा दुकानदार म्हणाला, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते. खरेच, 'मेरा ई-केवायसी' नावाचे अॅप सरकारने आणले आहे. पण त्यात आधी ओटीपी लागतो. आत्याबाईंच्या आधारला जोडलेला नंबर माझ्या थोरल्या दिरांचा होता. ते वारून सहा वर्षे झाली. तो नंबर आज कुणा परक्याकडे आहे. म्हणजे माझ्या सासूच्या जिवंतपणाचा पुरावा मेलेल्या मुलाच्या फोनवर जात होता. नंबर बदलून घेण्यासाठी आधार केंद्रावर गेलो, तिथेही आधी अंगठाच मागितला.

मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली हे खरे. पण एका महिन्यात माझ्या पिशवीत पाच किलो कमी आले. मी विचारले तर दुकानदार म्हणाला, "ताई, आजींचं नाव दिसत नाही. मी काय करू? मशीन सांगेल तेवढं द्यायचं." घरी येऊन सांगितले तेव्हा आत्याबाई पाच किलोंबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, "अंगठा न्हाय उमटत तर मी काय मेली व्हय गं?"

त्यांना एवढे लागण्याचे कारण मला माहीत होते. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे वर्ग निघाले तेव्हा आमच्या वस्तीतही रात्रीचा वर्ग भरायचा. आत्याबाई दिवसभर घमेली उचलून रात्री पाटी घेऊन बसायच्या. कारण मुकादम हजेरीच्या वहीवर अंगठा घेताना 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसायचा. दोन महिन्यांत त्या सही शिकल्या आणि ज्या शनिवारी मुकादमाच्या वहीत पहिल्यांदा सही केली तो दिवस त्यांना अजून आठवतो. आज त्याच बाईला सरकार म्हणते, सही चालत नाही, अंगठा लावा. आणि लावला तर म्हणते, हा अंगठा तुमचा नाही.

ऑनलाइनच्या मी विरोधात नाही, गैरसमज नको. सातबारा, दाखले घरबसल्या मिळाले तर गरिबाची मजुरी बुडत नाही, मधला दलाल सुटतो. पण यंत्र अडखळले की त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हा माझा प्रश्न आहे. माझा मोठा मुलगा 2017-18 साली अकरावीला होता. त्याच वर्षी भारत सरकार शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर गेले. पोर्टल इतके अडखळले की शेवटी सरकारलाच ऑफलाइन अर्ज घ्यावे लागले. तोवर मुले रात्री बारा-बारा वाजेपर्यंत सायबर कॅफेत बसून होती, तासाला पैसे मोजून. त्या पैशांचा हिशेब कुणी दिला?

नियम नाहीत असेही नाही. ते मला पुतण्याने वाचून दाखवले, तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात आधार कायदा बहुमताने वैध ठरवला, पण ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, हेही त्याच निकालात आहे. केंद्राच्या अन्न खात्याने त्याच्याही आधी, ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यांना कळवले होते की ठसा जुळला नाही तरी धान्य द्या आणि त्याची वेगळी नोंद ठेवा. त्याच सुमारास झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला होता, आणि आधार जोडले नाही म्हणून त्या घराचे रेशन बंद होते, हे देशभर गाजले होते.

हे ऐकताना मला महाड आठवले. आमच्याच रायगड जिल्ह्यातले, तेव्हाच्या कुलाब्यातले. मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव 1923 साली झाला, महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. कागद तयार होता. तरीही 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले, तेव्हा ओंजळीत पाणी आले.

तर मी कागद घेऊन कचेरीत गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हे ऑनलाइनचं काम आहे, इथे अर्ज घेत नाही." मी म्हटले, "साहेब, घेत नाही असं लेखी द्या." त्याने माझ्याकडे पाहिले. मला दरदरून घाम फुटला होता, खोटे कशाला सांगू? पण मी हलले नाही. पुतण्याने बजावले होते की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तासाभराने शिक्का मिळाला. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांच्या अर्जाला पोच मिळते, नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, पुढे दोन अपिले आणि त्यानंतर आयोग आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. वस्तीतल्या किती बायांना हे माहीत आहे? मला स्वतःला दहा वर्षे माहीत नव्हते.

दुसरी एक गोष्ट कामाला आली. महाईपॉसच्या संकेतस्थळावर रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक घातला की कोणत्या महिन्यात किती धान्य उचलले ते दिसते. आमच्या कमी झालेल्या महिन्यांची आम्ही झेरॉक्स काढून अर्जाला जोडली. राजस्थानात तर 2019 पासून जनसूचना पोर्टल आहे, तिथल्या मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे जनसुनावण्या घेऊन हिशेब मागितला तेव्हा ते आले.

तीन आठवड्यांनी आधार केंद्रावर एका समजूतदार मुलीने आत्याबाईंची दहाही बोटे एकेक करून लावून पाहिली. आठव्या वेळी हिरवा दिवा लागला. डाव्या हाताची अनामिका! घमेले धरताना त्या बोटावर जोर कमी येत असावा. नंबर बदलला, ई-केवायसी झाली, नाव परत आले. बुडालेले धान्य मात्र आले नाही.

ते सोडून द्यावे असे घरातल्यांचे म्हणणे होते. पण एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी हे सहज बोलले आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतून कार्डे निघू लागली. एकीचा श्रावणबाळचा पगार अडकलेला, एकीच्या पांगळ्या मुलाला कोणी दुकानापर्यंत उचलून नेणार? चौदा नावे झाली. आता दर रविवारी दोन कॉलेजची मुले वही घेऊन बसतात. कोणाचा ठसा किती वेळा नाकारला, कोणत्या तारखेला, काय सांगून परत पाठवले, एवढेच लिहितात.

त्या वहीवरून आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला. दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. ठसा न जुळलेल्यांना धान्य दिल्याची नोंदवही कुठे आहे आणि तिच्यात किती नावे आहेत, एवढेच विचारले. तिसाव्या दिवशी उत्तर आले, "माहिती उपलब्ध नाही."

अपिलाची मुदतही तीस दिवसांचीच. परवा कागद तयार झाला. अर्जदार आत्याबाईच. पुतण्याने कागद पुढे केला तसे त्यांनी विचारले, "अंगठा का सही?"

"सही, आजी."

त्यांनी चष्मा पुसला, पेन घट्ट धरले आणि पाच मिनिटे लावून एकेक अक्षर काढले. वेलांटी जरा रेघेबाहेर गेली. ती त्यांनी पुन्हा गिरवली.