निळा पंप

कागदोपत्री त्याचं नाव इनहेलर. आमच्या घरात त्याला पंप म्हणतात, आणि पाहुणे आले की काहीच म्हणत नाहीत.

बुटका, अंगानं निळा, मान काटकोनात वळलेली, तोंडावर टोपण. पोटात धातूची एक डबी. डोकं दाबलं की तो एकच शब्द बोलतो : फुस्स. एका फुस्समध्ये १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल, आणि अशी २०० फुस्स त्याच्या पोटात. मालकी आत्याची. रात्री मुक्काम तिच्या उशीखाली, दिवसा बटव्यात, लवंगांच्या डबीला खेटून. लग्नकार्यात ती मांडवामागे जाऊन त्याला भेटून यायची, चोरून तपकीर ओढावी तशी.

पंप लागला की सुटत नाही, असं सांगणारे नातेवाईक आमच्याकडे पुष्कळ. त्यांच्या सांगण्यावरून आत्यानं कोजागिरीच्या चांदण्यातली औषधी खीर खाल्ली. मृगाला हैदराबाद गाठून, माळकरी असल्यामुळे, माशाऐवजी गुळातलं औषध घेतलं. त्या प्रत्येक प्रवासात पंप बटव्यात होताच. परतीच्या रात्री त्यानंच काढल्या.

त्याचं कूळ अमेरिकेतलं. रायकर लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीच्या प्रमुखाची १३ वर्षांची मुलगी दमेकरी होती. काचेच्या यंत्राचा रबरी फुगा दाबत औषध ओढून ती कंटाळली होती. केसांच्या फवाऱ्यासारख्या डबीत माझं औषध का मिळत नाही, असं तिनं वडिलांना विचारलं. १९५६ मध्ये पहिला पंप बाजारात आला. साल्ब्युटामॉल त्याच्या पोटात गेलं ते १९६९ मध्ये, ब्रिटनमध्ये.

माझी आणि त्याची ओळख मात्र अपमानातून झाली. पावसाळा सरताना, रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत फुललं की मला शिंका सुरू होतात. एका बैठकीत दहा-बारा. नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, टाळूलाही खाज, आणि रात्री दोन्ही नाकपुड्या बंद. एकदा वाटलं, आपल्यालाही आत्यासारखा दमा झाला. विचारलं कुणालाच नाही, बटव्यातून पंप काढला आणि दोनदा ओढला. पाच मिनिटांत हात थरथरायला लागले, छाती धडधडू लागली. शिंका तशाच. त्यानं मला ओळखच दाखवली नाही.

बरोबरच होतं त्याचं. त्याची नोकरी छातीत. तिथल्या श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळले की ते सैल करायचे, एवढंच त्याला येतं. माझं दार नाकाशीच अडलेलं होतं, अ‍ॅलर्जीनं सुजून. आत्याचा श्वास आत जायचा, पण बाहेर यायला वाट नसायची. पहाटे तीन-चारला खोकल्याची उबळ, छातीवर दगड ठेवल्यासारखं, आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी. पंप ओढला की चार-पाच मिनिटांत ती शिट्टी विरत जायची.

डॉक्टरांनी तर त्याला साक्षीदार म्हणूनच उभं केलं. आत्याला यंत्रात जोरानं फुंकायला लावलं, पंपाचे चार डोस दिले, १५ मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरनी वाढली, तर दम्याच्या बाजूनं साक्ष भक्कम. आत्याची त्याहून वाढली. माझ्या फुंकरीत पंपाआधी आणि पंपानंतर काही फरक नव्हता. मला नाकातला फवारा आणि अ‍ॅलर्जीची गोळी मिळाली. वर ताकीदही : नाक आणि छाती एकाच रस्त्यावरची गावं आहेत, रात्री खोकला किंवा शिट्टी सुरू झाली तर पुन्हा या, आणि दमा येतो-जातो, म्हणून आजची फुंकर चांगली आली एवढ्यावर कायमचं निश्चिंत होऊ नका. आत्यालाही दम्याच्या आधी दोन दिवस शिंकाच तर यायच्या.

पंपात दोन खोड्या होत्या. एक म्हणजे तो रिकामा झाला तरी कबूल करायचा नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू सोडत फुस्स म्हणत राहायचा. दुसरी खोड जास्त वाईट. तो इतक्या लवकर आराम देई की आत्याला आजार गेल्यासारखा वाटे. आवळलेली नळी तो सोडवायचा, आतली सूज मात्र तशीच राहायची. सूज उतरवणारा दुसरा पंप, तपकिरी, डॉक्टरांनी रोजच्यासाठी दिला होता. तो ओढला तरी लगेच काही जाणवत नाही, म्हणून आत्यानं तो महिन्याभरात कपाटात टाकला. शिवाय त्यात स्टेरॉइड असतं, हे कुणीतरी तिच्या कानात सांगितलं होतं.

दिवाळीतली रात्र. बाहेर फटाक्यांचा धूर, घरात डासांची कॉइल. आत्या पलंगाच्या काठावर पुढे वाकून बसलेली, गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. "पा... णी..." एवढंच बोलता आलं. निळा पंप फुस्स फुस्स करत राहिला. त्याच्या पोटात काही उरलंच नव्हतं. रिक्षातून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन, नेब्युलायझरची वाफ. तासाभरानं तिला पुरं वाक्य बोलता आलं.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "हा किती दिवस पुरतो?"

"महिनाभरसुद्धा नाही," आत्या जरा अभिमानानंच म्हणाली. इतका उपयोगाचा आहे, असं तिला म्हणायचं होतं.

"वर्षाला तीन संपले तरी मला काळजी वाटते," डॉक्टर म्हणाले.

तपकिरी पंप कपाटातून बाहेर आला. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं आणि बहुतेक काम छातीतच करतं, हे आत्याला पटायला वेळ लागला. सकाळ-संध्याकाळ तो ओढायचा, मग खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. सोबत प्लॅस्टिकचं नळकांडं आलं. आधी बरंचसं औषध घशावरच आदळायचं, आता पंप हलवून त्यात सोडायचं, सावकाश ओढायचं, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. कॉइल गेली, गोधड्या कढत पाण्यात निघाल्या, फोडणीच्या वेळी खिडकी उघडी राहू लागली.

आणि निळा पंप रिकामटेकडा झाला. हा नवा, डोक्यावर आकडा दाखवणारा. खोटं बोलायची सोय नसलेला. बटवा उघडला की दिसायचा, आणि आकडा पुष्कळदा तोच.

परवा पाहुणे बसलेले असताना आत्यानं बटव्यातून तो काढला आणि तारीख वाचायला डोळ्यांजवळ नेला. मुदत संपली होती. आकडा होता १३८.

"हे काय?" पाहुण्यांनी विचारलं.

"माझा पंप," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "नवा आण रे. हा संपायच्या आधीच म्हातारा झाला."